विश्लेषण : एका वेळी फक्त ४०० पाहुणे... लॉर्ड हाऊ बेटाचे दार इतके अरुंद का?

मालवण-तारकर्लीत पहिल्यांदा पाण्याखाली डोके घातले की अनेकांना स्कूबा डायव्हिंगची चटक लागते. मग अंदमान, लक्षद्वीप, मालदीव अशी यादी वाढत जाते. या यादीत सहसा नसलेले एक नाव म्हणजे ऑस्ट्रेलियाचे लॉर्ड हाऊ बेट. जगातील सर्वात दक्षिणेकडची प्रवाळभित्ती, इतरत्र कुठेही न आढळणारे मासे, नामशेष ठरवल्यानंतर ८० वर्षांनी पुन्हा सापडलेला कीटक आणि पर्यटकांच्या संख्येवर कायमची मर्यादा अशी या बेटाची ओळख. पण हे नंदनवन आपोआप टिकलेले नाही. ते टिकवण्यासाठी तिथल्या चार-साडेचारशे रहिवाशांना एकमेकांशी बरेच भांडावे लागले.

हे बेट नेमके आहे कुठे?

सिडनीच्या ईशान्येला साधारण ७८० किलोमीटरवर, टास्मान समुद्रात. मुख्य भूमीवरील सर्वात जवळचे मोठे गाव म्हणजे पोर्ट मक्वारी, तेही सुमारे ६०० किलोमीटर दूर. बेटाचा आकार चंद्रकोरीसारखा. लांबी जेमतेम १० किलोमीटर, रुंदी कुठेच दोन किलोमीटरच्या फार पुढे नाही. क्षेत्रफळ साडेचौदा चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मालवण सागरी अभयारण्याच्या (२९.१२ चौ. किमी) निम्मे.

सुमारे ६५ ते ७० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा हा उरलेला तुकडा. सह्याद्रीच्या कड्यांमध्ये दिसतो तसाच काळा बेसाल्ट इथेही आहे, फक्त वयाने बराच तरुण. दक्षिण टोकाला माउंट गावर (८७५ मीटर) आणि माउंट लिजबर्ड (७७७ मीटर) हे दोन डोंगर समुद्रातून थेट वर उठतात. तिथून आग्नेयेला २३ किलोमीटरवर बॉल्स पिरॅमिड हा साडेपाचशे मीटरहून उंच, सुळ्यासारखा खडक पाण्यातून एकटाच वर आलेला दिसतो.

१७ फेब्रुवारी १७८८ रोजी ब्रिटिश नौदलातील लेफ्टनंट हेन्री लिजबर्ड बॉल याला हे बेट दिसले. नॉरफोक बेटावर कैद्यांची वसाहत उभारण्यासाठी निघालेल्या ‘सप्लाय’ या जहाजाचा तो कप्तान. त्याआधी इथे माणूस राहिल्याचा पुरावा नाही. कायमची वस्ती १८३४ पासूनची. आज बेट न्यू साउथ वेल्स राज्याचा भाग आहे आणि १९८२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

बेटाच्या घड्याळाची एक गंमत आहे. ऑस्ट्रेलियन हिवाळ्यात ते भारताच्या बरोबर पाच तास पुढे असते. उन्हाळ्यात इतरत्र घड्याळे सरकवतात ती सहसा एक तास, इथे मात्र अर्धाच तास. त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये तारीख-वेळेचा कोड लिहिणाऱ्यांना हे बेट कधी ना कधी भेटतेच, तेही बहुधा डोकेदुखी म्हणून.

इतक्या दक्षिणेला प्रवाळ कसे?

प्रवाळ म्हटले की विषुववृत्ताजवळचा उबदार समुद्र डोळ्यांसमोर येतो. लॉर्ड हाऊ मात्र ३१.५ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. उत्तर गोलार्धात विषुववृत्तापासून तेवढ्याच अंतरावर गेले तर आपल्याकडे जालंधर-शिमला लागते. अशा ठिकाणी प्रवाळभित्ती तयार होण्याचे श्रेय पूर्व ऑस्ट्रेलियाच्या सागरी प्रवाहाला जाते. हा प्रवाह उत्तरेकडचे उबदार पाणी किनाऱ्याला समांतर खाली आणतो, मग त्याची एक शाखा पूर्वेकडे वळते. या पाण्याबरोबर ऊब येते, तसेच प्रवाळांच्या आणि माशांच्या सूक्ष्म अळ्याही वाहून येतात.

त्याच वेळी दक्षिणेकडून थंड पाणी येऊन भिडते. परिणामी उष्ण कटिबंधातले आणि समशीतोष्ण समुद्रातले जीव एकाच ठिकाणी दिसतात. प्रवाळाच्या शेजारी समुद्री शेवाळाचे दाट पट्टे असतात आणि दोन्हींतून मासे ये-जा करतात. इथे सुमारे ५०० जातींचे मासे आणि ८० हून अधिक जातींचे प्रवाळ नोंदवले गेले आहेत. ग्रेट बॅरिअर रीफच्या मानाने प्रवाळांच्या जाती कमीच. पण ज्यांना ठरावीक ‘पोस्टर’सारख्या रीफपेक्षा काही वेगळे पाहायचे आहे, त्यांच्यासाठी हीच सरमिसळ आकर्षण ठरते.

पाण्याखाली काय दिसते?

पश्चिमेला सुमारे सहा किलोमीटर लांबीचे लगून, म्हणजे प्रवाळभित्तीने अडवलेले उथळ पाणी आहे. इथे सिलिंडरची गरज नाही. मुखवटा आणि श्वासनळी लावून पोहले तरी प्रवाळ दिसतात. पूर्वेच्या नेड्स बीचवर तर पोहावेही लागत नाही. गुडघाभर पाण्यात उभे राहिले की मोठमोठे मासे पायांभोवती फिरू लागतात.

स्कूबासाठी पन्नासहून अधिक जागा आहेत. लगूनमधील अर्स्कॉट्स होल नवख्यांच्या सोयीची. उत्तरेकडच्या अ‍ॅडमिरल्टी बेटांभोवती खडकांचे कडे, बोगदे आणि कमानी आहेत. मॅककलॉक्स अ‍ॅनिमोनफिश हा काळपट अंगाचा, पांढऱ्या शेपटीचा मासा या भागाचे वैशिष्ट्य. ‘निमो’चा हा चुलतभाऊ लॉर्ड हाऊ आणि आसपासच्या मोजक्या बेटा-रीफांपलीकडे जगात कुठेही आढळत नाही. कपाळावर टेंगूळ असलेला डबलहेडर मासाही इथलाच म्हणावा असा. गॅलापागोस शार्क भरपूर आणि चौकस आहेत. ते जवळ येऊन पाहून जातात, एवढे आधी माहीत असलेले बरे.

बॉल्स पिरॅमिडची डाइव्ह हे अनुभवी डायव्हर्सचे स्वप्न असते. बॅलिना एंजलफिश हा अन्यत्र फार खोल पाण्यात राहणारा मासा इथे डायव्हरच्या आवाक्यातील खोलीवर दिसू शकतो. मात्र २३ किलोमीटरचा हा प्रवास खुल्या समुद्रातून आहे. वारा आणि लाटा अनुकूल नसतील तर बोट जात नाही. आठवडाभर राहूनही ही संधी न मिळालेले पर्यटक कमी नसतात.

पाण्याचे तापमान उन्हाळ्याच्या शेवटी २५ अंशांच्या आसपास आणि हिवाळ्यात १८ अंशांपर्यंत असते. अंदमानात टी-शर्टवर डाइव्ह केलेल्यांना इथे जाड वेटसूट लागतो.

डाइव्हनंतर लगेच विमान का पकडू नये?

हा प्रश्न कोणत्याही दूरच्या बेटावर महत्त्वाचा आहे, इथे जरा जास्तच. पाण्यात दर १० मीटर खोलीला दाब एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे १० मीटरवर तो जमिनीच्या दुप्पट, २० मीटरवर तिप्पट. या दाबाखाली श्वास घेताना हवेतील नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये जास्त विरघळतो. हळूहळू वर आले की तो फुप्फुसांतून बाहेर पडतो. पण दाब झपाट्याने कमी झाला तर सोड्याची बाटली उघडल्यावर होते तसे बुडबुडे शरीरातच तयार होतात. सांधेदुखीपासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकते. यालाच डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात.

विमानाच्या केबिनमधील हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो. त्यामुळे डाइव्हनंतर शरीरात उरलेला नायट्रोजन विमानातही त्रास देऊ शकतो. म्हणून एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह केल्यास किमान १८ तास विमान टाळावे, असा डायव्हिंग वैद्यकाचा प्रचलित नियम आहे. बरेच जण सरळ २४ तास धरतात. लॉर्ड हाऊवर छोटे रुग्णालय आहे, पण गंभीर रुग्णाला मुख्य भूमीवर हलवावे लागते, तेही विमानानेच. त्यामुळे शेवटचा दिवस डोंगर चढण्यासाठी ठेवणे शहाणपणाचे, असे वाटू शकते. पण तिथेही हिशेब तोच. डाइव्हनंतर उंचावर चढणे म्हणजेही कमी दाबाकडे जाणे. माउंट गावरची उंची पाहता डाइव्ह आणि चढाई यांत पुरेसे अंतर ठेवून क्रम आधीच विचारून घ्यावा.

४०० चा आकडा आला कुठून?

बेटावर एका वेळी जास्तीत जास्त ४०० पर्यटक राहू शकतात. ही मर्यादा हॉटेल-लॉजमधील खाटांच्या संख्येवर घातलेली आहे. राहण्याची जागा आधी पक्की केल्याशिवाय जाता येत नाही आणि पर्यटकांना तंबू ठोकण्याची परवानगी नाही. थोडक्यात, ‘जाऊन बघू’ हा प्रकार नाही.

ही व्यवस्था चालवते लॉर्ड हाऊ आयलंड बोर्ड. १९५३ च्या स्वतंत्र कायद्याखाली ते काम करते. सात सदस्यांपैकी चार जण बेटवासीयांनी निवडून दिलेले असतात. बेटावरील जमीन सरकारी मालकीची आहे. रहिवाशांना ती भाडेपट्ट्याने मिळते आणि त्यात बेटवासीयांना प्राधान्य असते. बाहेरचा बिल्डर येऊन समुद्रकिनारी टॉवर उभारील ही शक्यता त्यामुळे मुळातच नाही. बेटाचा सुमारे ७० टक्के भाग कायमस्वरूपी संरक्षित उद्यान आहे. भोवतालचे पाणीही राज्य (१९९९) आणि केंद्र (२०००) अशा दोन सागरी उद्यानांत विभागलेले आहे.

मर्यादेची कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ठरावीक पर्यटकांनाच प्रवेश असतो आणि माथेरानमध्ये मोटारींना दस्तुरी नाक्यावरच थांबावे लागते. फरक हा की लॉर्ड हाऊवर दिवसाची नव्हे, मुक्कामाची मर्यादा आहे. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांची गर्दी तिथे होऊच शकत नाही, कारण मध्ये ६०० किलोमीटर समुद्र आहे.

वाहतुकीचे मुख्य साधन सायकल. मोटारी थोड्या आहेत आणि वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर. बेटावर मोबाइलचे नेटवर्क नाही. हे वाचताना हातात फोन असलेल्यांनी याची विशेष नोंद घ्यावी.

एका जहाजाने काय बिघडवले?

जून १९१८ मध्ये ‘मकाम्बो’ हे मालवाहू जहाज बेटाजवळ खडकावर आदळले. दुरुस्तीसाठी ते किनाऱ्याला आणले गेले आणि त्यातून जहाजी उंदीर उतरले. तोवर बेटावर जहाजी उंदीर नव्हते. पक्षी जमिनीवर किंवा सहज पोहोचता येईल अशा ठिकाणी घरटी करत. पुढच्या काही वर्षांत फक्त याच बेटावर असलेल्या पाच जातींचे पक्षी कायमचे संपले. बेटाचे अर्थकारण ज्यावर चालत होते त्या केंटिया पामच्या बियाही उंदरांनी फस्त केल्या. युरोपातील दिवाणखान्यांत कमी उजेडात तग धरणारी शोभेची झाडे म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हे पाम लोकप्रिय होते. त्यांच्या बियांची निर्यात हाच बेटाचा मुख्य धंदा होता.

उपाय म्हणून उंदराच्या शेपटीमागे बक्षीस ठेवले गेले. ते पुरेना तेव्हा १९२० च्या दशकात घुबडे आणून सोडली. घुबडांनी उंदरांबरोबर स्थानिक पक्षीही खाल्ले. म्हणजे एक दुखणे बरे करताना दुसरे घरात घेतले.

उंदीर मारण्यावरून गाव का दुभंगले?

संपूर्ण बेटावर एकाच वेळी विषारी गोळ्या टाकून सगळे उंदीर संपवायचे, अशी योजना अनेक वर्षे चर्चेत होती. निर्जन बेटांवर हा प्रयोग आधी यशस्वी झाला होता. इथे मात्र माणसे राहत होती, मुले खेळत होती, गाई चरत होत्या. विषाचा परिणाम मुलांवर, पिण्याच्या पाण्यावर, माशांवर झाला तर? पर्यटक घाबरून आलेच नाहीत तर? विरोधकांचे प्रश्न खोटे नव्हते. दुसरी बाजू म्हणत होती, की काहीच केले नाही तर विष कायमच टाकत राहावे लागेल, कारण उंदीर आटोक्यात ठेवण्यासाठी ते दशकानुदशके वापरले जातच होते.

२०१५ मध्ये रहिवाशांचा कौल घेण्यात आला. बाजूने ५२ टक्के, विरोधात ४८. जिथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो आणि निम्मे गाव एकमेकांच्या नात्यात आहे, तिथे या आकड्यांचा अर्थ काय होतो हे गावाकडची ग्रामपंचायत निवडणूक पाहिलेल्या वाचकाला सांगायला नको.

अखेर २०१९ च्या हिवाळ्यात मोहीम झाली. डोंगराळ भागात हेलिकॉप्टरने, वस्तीत हाताने आणि हजारो पेट्यांमधून मिळून सुमारे ४२ टन गोळ्या वापरल्या गेल्या. खर्च दीड कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक. अंदाजे तीन लाख उंदीर (जहाजी उंदीर आणि छोटे घरउंदीर मिळून) हे लक्ष्य होते. वुडहेन या पाणकोंबडीच्या कुळातील, उडता न येणाऱ्या पक्ष्याला विषबाधा होऊ नये म्हणून बहुतेक वुडहेन आधी पकडून पिंजऱ्यांत ठेवण्यात आल्या. १९७० च्या दशकात त्यांची संख्या ३० च्या आसपास उरली होती, त्यामुळे धोका पत्करणे शक्य नव्हते.

एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा जिवंत उंदीर दिसला आणि बेटाच्या पोटात गोळा आला. सापळे, शोधकुत्रे, कॅमेरे लावून तो नवा प्रादुर्भाव मोडून काढावा लागला. मोहिमेनंतरचा फरक मात्र लवकर दिसला. वुडहेनची संख्या काही वर्षांत दुपटीहून अधिक झाली. अनेक दशके उंदीर ज्यांच्या बिया खाऊन टाकत, त्या झाडांची रोपे जंगलात जागोजागी उगवू लागली.

नामशेष कीटक परत कसा आला?

उंदरांनी संपवलेल्यांत एक काडीकिडाही होता. तळहाताएवढा, काळा, चकचकीत, बिनपंखांचा. त्याला ‘वृक्षावरचा लॉब्स्टर’ म्हणत. १९२० च्या सुमारास तो शेवटचा दिसला आणि नामशेष मानला गेला. १९६४ मध्ये बॉल्स पिरॅमिडवर गेलेल्या गिर्यारोहकांना त्याचा मृत नमुना सापडला. पण त्या सुळ्यावर रात्री शोध घेणार कोण? हा कीटक निशाचर आहे.

२००१ मध्ये निकोलस कार्लाइल आणि डेव्हिड प्रिडल हे संशोधक सहकाऱ्यांसह तिथे चढले. दिवसा विष्ठा दिसली म्हणून अंधारात पुन्हा वर गेले. कड्यावरच्या एका झुडपाजवळ २४ जिवंत कीटक होते. सगळ्या जगातली ज्ञात संख्या एवढीच.

२००३ मध्ये दोन जोड्या आणण्यात आल्या. त्यांपैकी मेलबर्न प्राणिसंग्रहालयातील जोडीला ‘अ‍ॅडम’ आणि ‘ईव्ह’ अशी नावे मिळाली. ईव्ह मरणपंथाला लागली, तेव्हा तिला कॅल्शियम आणि मधुरसाचे मिश्रण थेंबाथेंबाने पाजून वाचवण्यात आले. आज प्राणिसंग्रहालयांत या कीटकाच्या अनेक पिढ्या झाल्या आहेत. २०१७ मध्ये जनुकीय तपासणीतून तो लॉर्ड हाऊवरचाच कीटक असल्यावर शिक्कामोर्तब झाले. त्याला मूळ बेटावर परत नेण्याचा मार्ग उंदरांच्या मोहिमेने मोकळा केला आहे.

मग आता धोका कशाचा?

दाराला कितीही कुलपे लावली तरी समुद्र बाहेर ठेवता येत नाही. पाणी नेहमीपेक्षा जास्त काळ तापले की प्रवाळ आपल्या शरीरातील शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. २०१० मध्ये इथे असे घडले. मार्च २०१९ मध्ये लगूनच्या काही उथळ भागांत बहुतांश प्रवाळ पांढरे पडल्याचे संशोधकांना आढळले. ‘समुद्र तापला तर प्रवाळ दक्षिणेकडे आसरा घेतील’ असे म्हटले जाते. लॉर्ड हाऊ हे त्या आसऱ्याचे शेवटचे टोक आहे, त्यापुढे दक्षिणेला प्रवाळभित्तीच नाही.

दुसरी गोष्ट प्लास्टिकची. फ्लेश-फुटेड शिअरवॉटर हे समुद्रपक्षी इथे जमिनीत बिळे करून वीण घालतात. समुद्रात तरंगणारे प्लास्टिक अन्न समजून ते पिलांना भरवतात. पोटात प्लास्टिक घासून होणाऱ्या जखमांच्या आजाराला २०२३ मध्ये संशोधकांनी ‘प्लास्टिकोसिस’ असे नाव दिले, ते याच बेटावरच्या पक्ष्यांच्या अभ्यासातून.

तिसरा धोका बुटाच्या तळव्यातून येतो. मर्टल रस्ट ही झाडांवरची बुरशी २०२३ मध्ये पुन्हा आढळली, तेव्हा संरक्षित उद्यानाचा भाग पर्यटकांसाठी बंद करावा लागला. म्हणूनच बेटावर येण्यापूर्वी बूट, वेटसूट, फिन्स धुऊन कोरडे करून आणण्याची सक्त सूचना असते आणि पायवाटांच्या सुरुवातीला बूट घासण्याचे ब्रश ठेवलेले असतात.

भारतातून जायचे तर?

ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आणि सिडनीपर्यंतचे विमान हा पहिला टप्पा. सिडनीत नातेवाईक किंवा मित्र असलेल्या मराठी कुटुंबांना एकाच सहलीत दोन्ही जमवणे सोपे. तिथून बेटापर्यंत सुमारे दोन तास. धावपट्टी ९०० मीटरपेक्षाही कमी लांबीची आहे. मोठे जेट विमान तिथे उतरूच शकत नाही. १९७४ मध्ये ही धावपट्टी झाली, त्याआधी सिडनीच्या रोझ बे येथून पाण्यावर उतरणारी विमाने येत. छोट्या विमानामुळे सामानाच्या वजनावर कडक मर्यादा असते. म्हणून डायव्हिंगची जड साधने बेटावरच भाड्याने घेणे परवडते. प्रमाणपत्राचे कार्ड आणि मुखवटा तेवढा स्वतःचा न्यावा.

स्वस्ताई शोधणाऱ्यांसाठी हे ठिकाण नाही. खाटा मोजक्या, मागणी मोठी आणि किराणा मुख्य भूमीवरून येणाऱ्या जहाजातून. डायव्हिंगसाठी डिसेंबर ते मे हा काळ चांगला, कारण पाणी उबदार असते. हिवाळ्यात अनेक व्यवसाय बंद असतात. पण माउंट गावरच्या माथ्यावरच्या धुकट जंगलात वीण करणारे प्रॉव्हिडन्स पेट्रेल पक्षी पाहायचे तर थंडीचेच महिने हवेत. गाइडशिवाय ही चढाई करता येत नाही. जाऊन-येऊन आठ-नऊ तास लागतात, काही ठिकाणी दोर धरून कड्याच्या कडेने जावे लागते. माथ्यावर उभे राहून जोरात ओरडले की हे पक्षी आवाजाच्या कुतूहलाने आकाशातून खाली येतात आणि थेट पायाशी उतरतात.

वारा आडवा असला तर विमान उतरत नाही, परत सिडनीला जाते. त्यामुळे भारताकडे परतीचे तिकीट काढताना मध्ये एक-दोन दिवस मोकळे ठेवावेत.